पैलाडचे वाटाडे

१८६७ च्या सुमारास अल्फ्रेड लायल नावाचा, पस्तिशीही न गाठलेला इंग्रज अधिकारी पश्चिम वऱ्हाडचा कमिशनर होऊन अकोल्यात आला. दिवस कापसाचे होते. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे त्याच वर्षी नागपुरात पोचली होती आणि वऱ्हाडातल्या काळ्या वावरांची किंमत मँचेस्टरच्या गिरण्यांना कळून चुकली होती. लायलला मात्र कापसाइतकाच दुसऱ्या एका पिकाचा नाद लागला. वऱ्हाडातले देव. शेंदूर फासलेल्या धोंड्यापासून थेट शिव-विष्णूपर्यंत इथली माणसं कशाकशापुढे हात जोडतात, याची त्याने यादीच मांडली आणि तिचे अकरा प्रकार पाडले. १८७० साली त्याचं वऱ्हाडचं गॅझेटियर आलं. १८७२ मध्ये ‘एका हिंदी प्रांताचा धर्म’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लंडनच्या मासिकात छापून आला. तो प्रांत म्हणजे वऱ्हाड.

त्या काळी युरोपात मॅक्सम्युलर यांचा शब्द चाले. देवकथा म्हणजे सूर्य, उषा, वादळ यांची रूपकं, असं त्यांचं म्हणणं. लायल अकोल्यात बसून नेमकं उलटं सांगत होता. सूर्य-उषा राहू द्या बाजूला, इथले कितीतरी देव ही कधीकाळी मेलेली माणसं आहेत. आज मेलेला नातेवाईक, उद्या गावाबाहेरचा ओटा, परवा देऊळ, आणि दोन पिढ्यांनी एखाद्या मोठ्या देवाचा अवतार. देव तयार होताना आपण डोळ्यांनी पाहतो आहोत, असाच त्याचा सूर होता.

म्हणणं वजनदार होतं, पण त्यात एक फट राहिली. लायलने पाहिले ते मागे राहिलेले मृत: ओट्यावर बसलेले, झाडाला धरून असलेले, नवस मागणारे. गावात मरणारा प्रत्येक जण असा मागे राहत नाही. बहुतेकांना जायचं असतं, आणि मागच्यांना त्यांना पाठवायचं असतं. मराठीत पोराबाळांना मार्गी लावतात. मेलेल्या माणसालाही मार्गीच लावावं लागतं. त्या मार्गावर पुढे चालतं कोण, हा प्रश्न लायलच्या अकरा खणांत कुठेच बसत नाही.

जुन्या जगाने या कामावर देव नेमले होते. ग्रीकांचा हर्मीस एरवी प्रवाशांचा, व्यापाऱ्यांचा आणि चोरांचाही देव. आत्म्यांना पाताळाच्या उंबरठ्यापर्यंत पोचवण्याचं काम त्याच्याकडेच. पुढे नदी लागे. तिथे केरॉन नावाचा नावाडी उभा असे आणि त्याच्या उताऱ्यासाठी मृताच्या तोंडात एक लहान नाणं ठेवलेलं असे. इजिप्तमध्ये कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस मृताला हाताला धरून तराजूपाशी नेई आणि एका पारड्यात त्याचं काळीज ठेवी. इराणात जरथुश्त्राच्या अनुयायांनी नदीऐवजी चिन्वत नावाचा पूल मानला. तो पुण्यवानाला रुंद होतो आणि पाप्याला वस्तऱ्याच्या धारेइतका अरुंद.

वऱ्हाडाला नावाडी परवडला नसता. इथली मोठी नदी पूर्णा. गाविलगडाच्या पलीकडून, बैतुलच्या डोंगरातून येते आणि अमरावती, अकोला, बुलढाणा असं करत तापीला मिळते. पावसाळ्यात ती गावं बुडवते आणि उन्हाळ्यात माणूस तिच्यातून धोतर न भिजवता पलीकडे जातो. अशा मुलखात परलोकीचा सोबती नावाडी नसतो, वाटाड्या असतो. इथले वाटाडे बघितले तर देव त्यांत थोडे. कावळा, कुत्रा, घोडा, आणि बऱ्याचदा गावातलाच कुणी माणूस.

कावळ्याचं काम सगळ्यांना पाठ आहे. दहाव्याला नदीवर पिंड मांडायचे, दर्भ, तीळ, पाणी झालं की चार पावलं मागे सरायचं आणि वाट पाहायची. घाटावर त्या वेळी जी शांतता असते ती मंत्रांच्या वेळीही नसते. कावळा येतो, मान तिरकी करून पाहतो, पुन्हा झाडावर जाऊन बसतो. मग कुजबूज सुरू होते. ‘काऊन शिवून नाही राह्यला?’ कुणीतरी वडीलधारा पुढे होतो आणि हात जोडून मोठ्याने सांगू लागतो. धाकटीचं लगन आम्ही करून देऊ. वावर विकणार नाही. भावाभावांत वाटणीवरून भांडण होऊ देणार नाही. एकेक आश्वासन जाहीर होतं. सगळी भावकी साक्षीला असते आणि समोर बसलेला पक्षी जणू तलाठी. आश्वासन पटलं म्हणून की भूक लागली म्हणून, कावळा खाली उतरतो आणि माणसं सुस्कारा टाकतात. नाहीच उतरला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. शास्त्राने पळवाट ठेवली आहे, पण ती वापरलेल्या घराला पुढे महिनाभर झोप नीट लागत नाही.

दहावाच दिवस का, याचा हिशेब गरुडपुराणात आहे. देह जळाला की जीवाला अंगठ्याएवढं रूप उरतं. रोजच्या एकेका पिंडाने त्याचं नवं शरीर घडत जातं: आधी डोकं, मग मान-खांदे, छाती, पोट, असं करत खालपर्यंत. दहाव्या दिवशी त्या शरीराला तहानभूक लागते. म्हणजे कावळा येतो तो प्रवासी नुकताच भुकेला झालेला असताना. पुढची वाट ८६ हजार योजनांची, मधे सोळा नगरं आणि रक्तपुवाने भरलेली वैतरणी. यमदूत तिथे नेतात, पण त्यांना वाटाडे म्हणवत नाही. ते पाश टाकून ओढत नेणारे शिपाई आहेत. सोबत म्हणावी अशी त्या वाटेवर एकच, गाय. जिवंतपणी दान दिली असेल तर तिच्या शेपटीला धरून वैतरणी पार होते. आता ही गाय यमपुरीच्या वाटेवर भेटायची असली तरी दावं सोडून जाते ती भटजींच्या गोठ्यात, हे वऱ्हाडातल्या कुणब्याला पहिल्यापासून दिसत होतं. पुढे सत्यशोधकांनी तेच व्यासपीठावरून सांगितलं.

कावळ्याला हा मान कुणी दिला, याची कथा रामायणाच्या उत्तरकांडात आहे. मरुत्त राजाच्या यज्ञात रावण अचानक येऊन थडकला तेव्हा तिथे जमलेले देव घाबरून पशुपक्ष्यांच्या रूपांत लपले. इंद्र मोर झाला, वरुण हंस, कुबेर सरडा आणि यम कावळा. संकट टळल्यावर ज्याने त्याने आपापल्या रूपाला वर दिला. यमाने कावळ्याला सांगितलं, तू जेवलास की माझ्या लोकातले भुकेले तृप्त होतील. मृत्यूचा देव रावणाला भिऊन कावळ्यात शिरला, ही गोष्ट आता लक्षात ठेवायची. मेळघाटात ती वेगळ्याच बाजूने पुन्हा भेटते.

परतवाड्याहून घाट चढला की बोली बदलते. इथल्या कोरकू आदिवासींची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही आणि गोंडीच्याही नाही. ती मुंडा कुळातली, झारखंडच्या संथाळी-मुंडारीची दूरची बहीण आणि त्या कुळाची सगळ्यात पश्चिमेकडची शाखा. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या १९१६ सालच्या ग्रंथात कोरकूंची उत्पत्तिकथा नोंदली आहे. तिच्यातही रावण आहे, मात्र इथे त्याला भिऊन कुणी लपत नाही. सातपुडा-विंध्याचे डोंगर ओस पडलेले पाहून तो महादेवाला विनवतो, इथे माणसं वसव. महादेव कागेश्वर नावाच्या कावळ्याला तांबड्या मातीचं वारूळ शोधायला पाठवतो. वारूळ सापडतं, महादेव त्या मातीची एक स्त्री आणि एक पुरुष घडवतो. इंद्राचे घोडे येऊन त्या मूर्ती तुडवतात. पुन्हा घडवाव्यात तर पुन्हा तुडवतात. शेवटी महादेव मातीचा कुत्रा करून त्याच्यात प्राण फुंकतो, कुत्रा घोड्यांना पिटाळतो आणि मग मुला आणि मुलाई हे पहिलं जोडपं श्वास घेतं.

खालच्या सपाटीवर कावळा माणसाचा शेवटचा घास नेतो. वर डोंगरात त्याच कावळ्याने माणसाची पहिली माती शोधून आणली. अमरावती जिल्ह्याच्या या दोन मजल्यांनी कावळा एकमेकांकडून उसना घेतला की आपापला सांभाळला, यावर पैज लावू नये. पण कावळा, कुत्रा आणि घोडा हे तिघे या कथेत एकत्र यावेत, आणि मरणाच्या वाटेवरही याच तिघांची पावलं उमटावीत, हे सहज सोडून देण्यासारखं नाही.

घोड्याचंच बघा. कोरकू परंपरेने मृताला पुरतात. रसेलच्या ग्रंथात नोंद आहे की आधी खड्ड्यात दोन पैसे टाकतात, जागा विकत घेतली म्हणून. ग्रीक माणसाच्या तोंडातलं नाणं नावेचं भाडं होतं. कोरकूंचे दोन पैसे जमिनीची किंमत. प्रवासापेक्षा मुक्कामाची काळजी. पण मुक्काम कायमचा नसतोच. महिने जातात, कधी वर्षं जातात, पैसा-धान्य जमतं आणि मग सिडोली होते. तोवर मृत माणूस ना इकडचा ना तिकडचा. घरात आजार, गोठ्यात मरतूक झाली की बोट त्याच्याकडे जातं. सिडोलीसाठी सागवानी फळी कोरून घेतात, तिला म्हणतात मुंडा. वर सूर्य-चंद्र, खाली घोड्यावर बसलेला माणूस, कधी नाचणाऱ्यांची रांग. भूमका म्हणजे गावचा पुजारी विधी करतो, बळी दिला जातो, नाच होतो, आणि मुंडा गावच्या ठरलेल्या झाडाखाली आधीच्या फळ्यांशेजारी उभा राहतो. ज्या माणसाने हयातीत घोड्याच्या पाठीवर मांड ठोकली नसेल तोही तिथे घोडेस्वार होतो. उत्पत्तीच्या वेळी मातीची माणसं तुडवणारा घोडा इथे निमूटपणे त्यांना पाठीवर घेऊन जातो.

घोडा आणि मरण यांची जोडी विदर्भात फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, लायल देव मोजत होता जवळपास त्याच काळात, रिव्हेट-कार्नॅक नावाच्या अधिकाऱ्याने नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं उकरली. हा गृहस्थ मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस कमिशनर. सरकीच्या जाती आणि गाठींचं वजन बघता बघता त्याला दगडांची ही मोठमोठी कडी दिसली, खाली लोखंडी हत्यारं आणि माणसांचे अवशेष सापडले. पुढे १९७० ते १९७२ मध्ये शां. भा. देव यांनी माहुरझरीची वर्तुळं नीट शास्त्रशुद्ध खणली. खंजीर, सोनं, कार्नेलियनचे मणी, आणि त्यांच्यासोबत घोडे निघाले. घोड्यांच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे दागिने होते, लोखंडी लगाम होते. काही हाडांवर कापल्याच्या खुणा होत्या. म्हणजे धन्याच्या मरणाला घोडा सजवला आणि मारून त्याच्यासोबत पुरला. नायकुंड आणि इतर ठिकाणांहूनही घोड्याची हाडं आली. काळ साधारण ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकाचा.

ही वर्तुळं नागपूरकडची. वऱ्हाडाच्या वाट्याला त्याच काळातली वस्ती आली. चांदूर बाजार तालुक्यात पूर्णेच्या वळणावर फुबगाव आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१८-१९ च्या हंगामात तिथे खणलं तेव्हा लोहयुगातलं गाव हाती लागलं: गोल घरं, खांबांचे खड्डे, चुली. त्या घरांतला माणूस मेल्यावर त्याच्यापुढे कुणाला चालवत असतील हे मातीने सांगितलेलं नाही. माहुरझरीचा घोडाही स्वर्गाची वाट दाखवायला होता, की सरदाराला पलीकडेही वाहन हवं म्हणून, हे हाडांवरून ठरत नाही. मुंड्यावरचा घोडा त्याचाच वंशज, असंही म्हणवत नाही. मधे अडीच हजार वर्षं आणि निराळी भाषा आहे. एवढं मात्र दिसतं, की या मुलखातल्या माणसांना मेलेल्याला पायी पाठवणं पुन्हा पुन्हा जिवावर आलं.

वेदांची वाट मात्र पायीच सुरू होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यम हा न्यायाधीश नाही की रेड्यावरचा भयंकर पुरुष नाही. तो मेलेला पहिला माणूस आहे. त्याने वाट शोधली आणि बाकीचे त्याच्या मागून गेले. त्याच सूक्तांत पूषन् येतो. हा देव गुरांचा राखणदार, ज्याचं जनावर कधी हरवत नाही. मृताला सुखरूप पोचवण्याची विनंती त्याला केली आहे, आणि गुराख्यावर असा विश्वास ठेवणारा समाज वऱ्हाडी माणसाला ओळखीचा वाटावा. वाटेवर यमाची दोन कुत्री बसलेली असतात, सरमेची पिल्लं, चार-चार डोळ्यांची. त्यांना चुकवून पळ, असं मृताला सांगितलं आहे आणि लगेच यमाला सांगितलं आहे की ह्याला या कुत्र्यांच्या हवाली कर, ती राखतील. एकाच सूक्तात भीतीही आहे आणि भरवसाही. पारशी लोकांच्या अंत्यविधीत मृतदेहाला कुत्रा दाखवण्याचा सगदीद हा विधी आहे, आणि त्यांच्या वेंदिदाद ग्रंथातही चार डोळ्यांच्याच कुत्र्याचा उल्लेख येतो. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला गावठी कुत्रा मराठी खेड्यात कुठेही भेटेल. इराण आणि भारत वेगळे होण्याआधीच्या कुठल्याशा जुन्या अंगणात तो बसला असणार.

या सगळ्या परंपरेत एक वैदर्भीय माणूस प्रश्न विचारताना दिसतो. प्रश्नोपनिषदात पिप्पलादाकडे सहा जण जातात, त्यांत भार्गव वैदर्भी. बाकीचे सृष्टी, ध्यान, स्वप्न यांविषयी विचारतात. भार्गव विचारतो की हे शरीर किती देव चालवतात आणि त्यांत थोरला कोण? घर किती हातांवर चालतं आणि कर्ता कोण, असाच हा शेतकरी प्रश्न. उत्तर मिळतं: प्राण. त्याच्या पुढचा प्रश्न कोसलातला आश्वलायन विचारतो आणि तिथे मरणाचा उलगडा होतो. शरीरातला उदान नावाचा वायू पुण्याने पुण्यलोकी, पापाने पापलोकी आणि दोन्ही असतील तर मनुष्यलोकी नेतो. कुत्रा, कावळा, गुराखी कुणी बाहेरचा नाही. वाटाड्या आपल्याच छातीत. उपनिषदाचं हे उत्तर देखणं आहे, पण दहाव्याच्या घाटावर ते कुणाच्या उपयोगी पडल्याचं ऐकिवात नाही. तिथे काहीतरी डोळ्यांना दिसावं लागतं.

कधी दिसावं लागतं, कधी ऐकू यावं लागतं. यवतमाळ एकेकाळी वऱ्हाडातच मोजलं जाई. तिथून पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या डोंगरात हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात राजगोंडांमध्ये राहून त्यांचे विधी टिपले. तिथे हे काम परधान करतो. तो गोंडांचा भाट, हातात किकरी नावाचं तंतुवाद्य. करुण नावाच्या मृत्युविधीत तो गातो, कुळाच्या देवांची आणि पूर्वजांची कहाणी क्रमाने लावतो, आणि मृताला त्या रांगेत नेऊन बसवतो. मृताच्या वस्तू त्यालाच मिळतात. रांगेत कुणामागे कोण, हे परधानाला पाठ नसेल तर मृताने जावं तरी कुठे? या वाटाड्याची बुद्धी, गळा आणि मजुरी तिन्ही माणसाचीच. खालच्या वऱ्हाडातही प्रेतापुढे भजनी मंडळाचे टाळ-मृदंग चालतात तेव्हा त्याच्याहून फार वेगळं काही घडत नसतं.

ज्यांना कुणी पोचवलं नाही ते वाट चुकतात. मुंज झाली पण लग्न व्हायच्या आत गेला तो मुंजा होऊन पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेलेली हडळ होते. नदीत, विहिरीत, परमुलखात मेलेले भुतं होतात. लायलच्या यादीतले कितीतरी देव इथून आले. अकोल्याच्या कमिशनरने देवांची टाकसाळ पाहिली खरी, पण टाकसाळीत येणारा धातू बहुतेक वाट चुकलेल्यांचा होता.

या सगळ्या व्यवहाराला एक जाहीर नकार वऱ्हाडातूनच गेला, आणि तो तेराव्या शतकात. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं स्थान; गोविंदप्रभू तिथले, आणि म्हाइंभटाने लीळाचरित्राच्या लीळा गोळा केल्या त्या तिथेच. चक्रधरांच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ. देवता असतात हे त्यांनी नाकारलं नाही, पण त्या आपापलं नाशवंत फळ तेवढं देऊ शकतात. मोक्ष देणं त्यांच्या हाती नाही. म्हणजे हर्मीस असो, पूषन् असो की कावळ्यात शिरलेला यम, फार तर पुढच्या गावापर्यंतची सोबत. पंथाने श्राद्धकर्म सोडलं. शेजारच्या गावांनी सोडलं नाही. सातशे वर्षं दोन्ही एकाच बाजाराला गेले.

पूर्णेच्या काठी भातकुली तालुक्यात ऋणमोचन आहे. नावातच कर्ज फेडण्याची गोष्ट: माणूस देव, ऋषी आणि पितर यांचं ऋण घेऊन जन्मतो, तिथे ते फिटतं. पौषातल्या रविवारी यात्रा भरते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या यात्रेत हातात खराटा आणि डोक्यावर फुटकं गाडगं घेतलेला एक माणूस यात्रेकरूंची घाण काढताना दिसू लागला. डेबूजी झिंगराजी जानोरकर, अंजनगाव सुर्जीकडच्या शेंडगावचा, जातीने परीट, जन्म २३ फेब्रुवारी १८७६. बाप दारूपायी १८८४ साली गेला, आणि पोर मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या वावरात वाढलं. घरी मुलीचं बारसं आलं तेव्हा जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारूचं जेवण ठरलेलं होतं. डेबूजीने गोड जेवण घातलं आणि भावकीचा राग ओढवून घेतला. ऋणमोचनला नदीत उतरताना माणसं चिखलात घसरतात हे पाहून त्यांनी तिथे घाट बांधवला, पुढे धर्मशाळा झाली. घाट पितरांच्या ऋणासाठी नव्हता, जिवंत माणसाच्या पायांसाठी होता.

हा डेबूजी म्हणजेच पुढचे गाडगेबाबा. त्यांच्या कीर्तनाचा रोख कर्जावर असे. लग्नाला कर्ज, सणाला कर्ज, तेरवीला कर्ज. वऱ्हाडात तेरवी म्हणजे तेरावा दिवस. गावजेवण घालायचं, नाही तर मेलेल्याची गत होत नाही. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी सावकाराच्या वहीत तेरवीचा आकडा चढे आणि त्यापायी वावर जाई. कावळ्यापुढे हात जोडून ‘वावर विकणार नाही’ म्हणणारं घर त्याच माणसाच्या तेरवीसाठी वावर गहाण टाकी. बाबा हे लोकांकडूनच वदवून घेत, प्रश्न विचारून, त्यांच्याच बोलीत.

त्याच जिल्ह्यातला दुसरा माणूस दुसऱ्या दिशेने तिथेच पोचला. पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा पंजाबराव देशमुख १९२० साली विलायतेला गेला आणि बॅरिस्टर होऊन, ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन परतला. वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास हा प्रबंधाचा विषय. १९३३ मध्ये तो ऑक्सफर्डच्याच छापखान्यातून ग्रंथरूपाने निघाला. वेदाचा अधिकार नाही असं जिला सांगितलं जाई त्या जातीतल्या माणसाने वेदांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, आणि १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवीच्या दारात अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी तो उभाही राहिला. वाट वेदात काय सांगितली आहे हे भटजींना विचारण्याची गरज आता उरली नव्हती. पंजाबरावांनी पुढे शाळा-महाविद्यालयं काढण्यात आणि शेतीखात्यात आयुष्य घातलं. परलोकाच्या चौकश्या त्यांनी ग्रंथातच ठेवल्या.

मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ‘ग्रामगीते’त अंत्यसंस्काराला स्वतंत्र अध्याय दिला. त्यांचा भर साधेपणावर आणि सामुदायिक प्रार्थनेवर होता.

मग १९५६ उजाडलं. १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि समोरच्या लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. सहावी प्रतिज्ञा श्राद्ध-पिंडदान न करण्याची. अकोल्या-अमरावतीच्या खेड्यांतून गेलेली माणसं परतली तेव्हा त्यांच्या वस्त्यांपुरतं कावळ्याचं काम संपलं होतं. त्याआधीच्या कुठल्याही सुधारकाने एका दिवसात इतक्या घरांतला वाटाड्या काढून घेतला नव्हता. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. मुंबईच्या समुद्रकाठी त्यांच्या चितेपाशी जमलेल्यांत वऱ्हाडची माणसं होती. पिंड मांडला गेला नाही.

पंढरपूरची धर्मशाळा बाबासाहेबांच्या संस्थेला देऊन टाकणारे गाडगेबाबा त्या वेळी आजारीच होते. जिथे मरण येईल तिथेच अंत्यसंस्कार करा, समाधी बांधू नका, मूर्ती उभारू नका, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. १९ डिसेंबरच्या रात्री त्यांना घेऊन गाडी अमरावतीकडे निघाली. वलगावला पेढी नदी लागते. पूर्णेला मिळणारी ही लहानशी नदी, डिसेंबरात तिला फार पाणी नसतं. मध्यरात्र उलटून गेली होती, म्हणजे तारीख २० झाली होती. पेढीच्या पुलापाशी बाबांचा प्राण गेला. गाडी तिथे थांबली नाही. ती पूल ओलांडून अमरावतीला आली, दुसऱ्या दिवशी गावोगावची माणसं टाळ घेऊन जमली, आणि आज ज्याला गाडगेनगर म्हणतात तिथे त्यांचं दहन झालं. त्याच जागी समाधी आहे. डिसेंबरात तिथे यात्रा भरते.